सातवा हात

मोबाईल हातोहात फिरत आला तेव्हा तानाबाई पोह्यांतले शेंगदाणे वेचून कडेला सारत होती. डाव्या बाजूचे दात गेल्यापासून शेंगदाणा म्हणजे तिला वाटेतला धोंडाच. लॉजच्या अंगणात माडाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर समुद्र, आणि खुर्च्यांत बसलेली कागल तालुक्यातली एक ग्रामपंचायत. सगळी नव्हे, सात जण.

सहल म्हणायची रीत होती म्हणून सहल. सरपंचावर अविश्वासाची नोटीस तहसीलदारांच्या टेबलावर पडली, की सही करणाऱ्या मेंबरांना गावात ठेवायचं नसतं. गावात ठेवलं की कुणाचा मेहुणा येतो, कुणाचा व्याही येतो, आणि सभेच्या दिवशी एखादा हात वर जायचाच राहतो. म्हणून गाडी ठरवायची. मोबाईल एका पिशवीत गोळा, पिशवी उपसरपंच विजयसिंहाच्या पायाशी. आजऱ्यात चहा, घाट उतरून समुद्र, आणि सभेदिवशी गाडीतून उतरायचं ते थेट सभेत. ठराव पास व्हायला सात हात लागत होते, आणि गाडीत मोजून सात माणसं होती.

"बघा, डोळं भरून बघा," विजयसिंह म्हणाला. पिशवीतला नव्हे, त्याचा स्वतःचा मोबाईल फिरत होता, त्यावर एका कागदाचा फोटो. "चार दिस राखून ठेवलंतं हे. कुणाच्या मनात अजून सरपंचबाईची माया आसंल, तर ती हितंच समुद्रात बुडवा आन मग गाडीत बसा."

बोलताना तो इमामबीकडं बघत होता. इमामबी बांगड्यांची पाटी घेऊन गावोगाव फिरणारी बाई. तिच्या गल्लीला चाळीस वर्षांनी नळ आला तो सरपंच वर्षाराणीमुळं, हे सगळ्या गाडीला ठाऊक होतं.

गुंडू मेंबरानं मोबाईल हातात घेऊन तो शाळेतल्या धड्यासारखा वाचायला सुरुवात केली. "डॉक्टर अमुक तमुक, मनोविकार तज्ज्ञ, कोल्हापूर. पेशंटचं नाव, सौ. वर्षाराणी." तो थांबला. मग मांडीवर थाप मारून हसला. "तरीच म्हटलं, ही बाई मेंबरांचा चहा का बंद करती! शाण्या माणसाचं काम हाय व्हय ते?"

सगळे हसले. हसत हसत मोबाईल तानाबाईच्या हातात आला. तिला वाचता येत नव्हतं. सही तेवढी येई, तीही वेलीसारखी वर चढत जाणारी. तिनं आपलं बघायचं म्हणून बघितलं.

कागदावर एका बाजूला सूर्य काढला होता. वाकडातिकडा, पोरानं काढावा तसा, भोवती सात-आठ किरणं. त्याच्यापुढं अर्धी गोळी. खाली चंद्रकोर, तिच्यापुढं एक पुरी गोळी.

तानाबाईच्या हातातली बशी कलंडली. पोहे लुगड्यावर, लुगड्यावरून वाळूत गेले. तिला वाटलं समुद्र थांबलाय. लाट किनाऱ्याला आली आणि तशीच उभी राहिली, माघारी जायचं विसरून. तो सूर्य तिचा होता. तो चंद्र तिचा होता. डॉक्टरीणबाईनं तो तिच्यासाठी काढला होता, तिला अक्षर येत नाही म्हणून, तिच्यासमोर, निळ्या पेनानं.

मग नाव त्या पोरीचं कसं?

"काकी, लुगडं झाडा की," विजयसिंह म्हणाला. तो तिच्या नवऱ्याचा चुलत पुतण्या. "घाबरलासा व्हय? आता कळलं, गाव कुणाच्या हातात हाय ते?"

तानाबाईला बोलायचं होतं. ती वाकून वाळूतले पोहे बशीत भरायला लागली.

*

झालं काहीच नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्याचं रडू केव्हाच रडून झालं होतं. पोरगा ज्ञानू गुणाचा, सून कामाची, नात कॉलेजात, दावणीला तीन म्हशी. तरी एका सकाळी तानाबाई धारेला बसली आणि हात आचळाला लागला तो तसाच राहिला. म्हैस मान वळवून बघायला लागली. तानाबाईला पुढचं काही सुचेना. दूध काढायचं कशाला, काढून ओतायचं कशाला, उद्या पुन्हा यायचं कशाला. त्या दिवसापासून झोप तिच्या दारावरून जाई, आत येत नसे.

गावात कुणाच्या घरी हळदीचं जातं मांडलं, की पहिली मूठ आणि पहिली ओवी तानाबाईची. पाटलांच्या लेकीच्या हळदीला तिनं पहिली ओळ उचलली,

"दुखलं हातपाय, सांगू गेले गावाला"

आणि दुसरी ओळ आलीच नाही. जातं गरगरत राहिलं. हळदीला असली ओवी कुठनं आणली, म्हणून बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, मग म्हातारी विसरली म्हणून हसल्या. दुसरी ओळ तिला घरी आल्यावर, भिंतीकडं तोंड करून पडल्यावर सुचली. ती तिनं कुणाला सांगितली नाही.

"दुखलं मन बाई, नाव न्हाई त्या घावाला."

ज्ञानूनं बाहेरचं बघितलं. लिंबं उतरली, दंडाला काळा दोरा बांधला. दोरा बांधल्यावर चारच दिवसांनी, वैशाखातल्या भर दुपारी, तानाबाई गावच्या विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसली होती.

सरपंच वर्षाराणी मोटर बघायला आली होती. चौतिशीची पोरगी, माहेरची पदवीधर, चालायची भराभरा. तिनं बघितलं आणि ओरडली नाही. धावलीही नाही. आली, चपला काढल्या आणि तानाबाईशेजारी तसेच पाय आत सोडून बसली.

"आत्ती," ती म्हणाली, "लोणच्याला मीठ किती घालता वं तुम्ही? माझं दर साली बिघडतंय."

खाली पारवे घुमत होते.

"पाच किलो कैरीला किलोभर," तानाबाई म्हणाली. आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. मरणाच्या तोंडाशी बसलेल्या बाईच्या तोंडाला कैरीचं पाणी सुटतं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं, आणि त्या नवलानं ती रडायला लागली.

वर्षाराणी तिला कोल्हापूरला घेऊन गेली. गावात सांगितलं, गुडघं दाखवायला. एस.टी.त बसल्या बसल्या तानाबाईनं तिचा हात धरला. "पोरी, माझं नाव घालू नगंस. नात उजवायची हाय. डोक्याच्या डॉक्टराकडं आजी जाती म्हटल्यावर कोण करून घेईल तिला?"

"न्हाई घालत. दुसरं घालते."

कुठलं, ते तानाबाईनं विचारलं नाही. त्या दिवसांत शब्द तिच्या कानाशी येत आणि उंबऱ्यावरून परत जात. डॉक्टरीणबाईनं कागदावर बोट ठेवून वर्षाराणीला काही विचारलं, वर्षाराणीनं काही सांगितलं, दोघींनी तिच्याकडं बघितलं. डॉक्टरीणबाई जरा नाराज दिसली. मग तिनं पेन उचललं आणि सूर्य काढला.

दीड महिन्यानं झोप दाराच्या आत आली. तीन महिन्यांनी म्हैस पुन्हा पान्हवली तानाबाईच्या हाताला. ज्ञानूला वाटलं, दोऱ्यानं गुण आला. फाईल घरात ठेवली असती तर सुनेनं वाचली असती, म्हणून वर्षाराणीनं ती ग्रामपंचायतीच्या कपाटात, जुन्या रजिस्टरांच्या मागं सारली. गावातली ती सगळ्यात न उघडणारी जागा. आणि विजयसिंहानं शिक्का शोधायचं निमित्त करून तीच उघडली होती, कागदाचा फोटो काढला होता.

तानाबाई विजयसिंहाच्या पॅनेलमधून निवडून आलेली. भाऊबंदकीतला पुतण्या, ज्ञानू त्याच्या दूध डेअरीत मापाडी. त्यानं कागद पुढं केला, "गटारीच्या कामात घोळ हाय, काकी, सही करा." तिनं वेल चढवली. सही करताना विहिरीचा काठ आठवला होता, नाही असं नाही. पण राजकारणात घरचं माणूस घरच्याच बाजूला बसतं, एवढंच तिला ठाऊक.

*

गाडी घाट चढायला लागली. दुपारी एकला सभा होती.

तानाबाई खिडकीशी बसली होती आणि तिला खिडकी दिसत नव्हती. थंडीत कुडकुडणाऱ्यावर कुणी आपली गोधडी टाकावी, आणि सकाळी उठून बघावं तर गोधडी टाकणाराच गारठून पडलेला. त्या पोरीनं स्वतःचं नाव तिच्या अंगावर टाकलं होतं. आता त्याच नावावर घाव पडणार होता, आणि घाव घालणाऱ्या सात हातांतला एक हात तिचाच होता.

"इजू," ती पुढं वाकून म्हणाली, "सरपंचाला एक फोन लावून दे की मला."

"सभा झाल्यावर हजार लावा."

"एकच लाव."

विजयसिंहानं मान वळवली. तो हसत होता. "काकी, ज्ञानूला डेअरीत कायम करायचं मी मनात घेतलंय. रविवारी वडगावची पावणी सुपारी फोडाय येणार, तवा मीच असणार हाय म्होरं. तुमी उगं जिवाला त्रास करून घिऊ नगासा."

नातीसाठी आलेली पेठ वडगावची सोयरीक. पोरगा शिकलेला, घर पेठेत, मागणं काही नाही. तानाबाई मागं टेकली. हे त्यानं धमकी म्हणून म्हटलं की माया म्हणून, हेही तिला कळेना. इजूच्या तोंडी दोन्हीची चव एकच होती.

आजऱ्यात चहाला गाडी थांबली. इमामबीनं तिला टपरीमागं, काजूच्या टरफलांच्या ढिगाजवळ ओढलं.

"ताना, काय झालंय? सकाळधरनं मेल्यावानी बसलीयास."

"काय न्हाई."

"न्हाई कसं? बशी सोडलीस हातातनं." इमामबी दम घेऊन म्हणाली, "मला तर इजूनं डाव टाकला आन उलटाच बसला बघ. त्यानं तो कागद दावला आन मला माझा मीरासाब आठवला. धाकटा भाऊ. भिताडाशी बोलायचा. आमी कुठं कुठं न्हेलं. ज्यानं जे सांगितलं ते केलं. दोरखंडानं बांधलं, उपाशी ठेवलं, धूर दिला. एक डॉक्टर तेवढा ऱ्हायला. का? तर लोक म्हणतील, मीरासाब येडा हाय. एक दिस दोर तोडून गेला तो गेलाच. आता वाटतं, लोक म्हणले असते तर म्हणले असते गं. घरात तर असता."

तानाबाईनं तोंड उघडलं. नेमका गुंडू आला. "काय गं म्हाताऱ्यांनो, पळून जायचा बेत हाय का? एकीला येडी म्हणून काढाय निघालोय, दोघी-तिघी आणखी निघाल्या तर पंचायतीला कुलूपच लावाय लागंल!"

"तुझ्या तोंडाला लाव आधी," इमामबी म्हणाली.

तानाबाई गाडीत जाऊन बसली. अजून तिच्याजवळ एक वाट होती. वर्षाराणी सभेत सांगेल की कागद माझा नव्हे. कुणाचा ते सांगायची गरजच काय? नाही म्हणेल आणि सुटेल. सगळेच सुटतील. निपाणीकडच्या रस्त्याला लागेपर्यंत तानाबाई ही एकच गोष्ट मनात जपत आली, ओच्यात अंडी जपावीत तशी.

*

ग्रामपंचायतीच्या हॉलबाहेर गाव लोटलं होतं. खिडक्यांच्या गजांत तोंडंच तोंडं. दारात चपलांचा ढीग. गाडीतून उतरताना तानाबाईनं गर्दीत ज्ञानूला बघितलं. डेअरीचा खाकी शर्ट घालून तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आईकडं बघून त्यानं मान हलवली, सगळं ठीक हाय ना, अशी.

तहसीलदार साहेब टेबलापाशी, शेजारी ग्रामसेवक. वर्षाराणी एकटी डाव्या बाजूच्या बाकावर. साधी निळी साडी, हातात एक वही. सात जण समोर बसले.

विजयसिंह उभा राहिला आणि त्यानं कारण वाचलं. गटारीचा उल्लेख एका ओळीचा. बाकी सगळं दुसरंच. "सरपंच या मनोरुग्ण असून त्यांच्यावर गुप्तपणे उपचार सुरू आहेत. त्यांनी ही गोष्ट गावापासून लपवली. अशा व्यक्तीच्या हाती गावाचा कारभार ठेवणे धोक्याचे आहे." मग त्यानं मोबाईल उंच धरला. खिडकीतल्या तोंडांतून वारा निघाला.

"येडी हाय?" बाहेर कुणीतरी विचारलं. "गोळ्या खाती म्हणं." "बघून वाटत न्हाई की." "वाटतंय कुठं कुणाकडं बघून!"

"शांतता," तहसीलदार म्हणाले. "सरपंचबाई, तुम्हाला बोलायचा अधिकार आहे."

वर्षाराणी उठली. तानाबाई मनात म्हणाली, सांग. सांग की माझा नव्हे.

"फाईलवरचं नाव माझं हाय," वर्षाराणी म्हणाली. "ते मी नाकारत न्हाई. फाईल कुलपातल्या कपाटातनं कुणी काढली, ते मी विचारत न्हाई. आणि दुखण्याबद्दल मी एक अक्षर बोलणार न्हाई. दुखणं ही गावसभेत मांडायची गोष्ट नव्हं." तिनं हातातली वही बाकावर ठेवली. "गोळी खाऊन माझा कारभार चुकला आसंल, तर चुकलेला कारभार दाखवा. कुठला नळ बंद पडला? कुठला दाखला अडला? ह्या खोलीत बीपीची गोळी किती जण खातात? त्यांनी आधी हात वर करा, मग माझ्यासाठी करा."

ती बसली. तिनं तानाबाईकडं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. बघितलं असतं तर ते मागणं झालं असतं.

तानाबाईच्या ओच्यातली अंडी फुटली. सकाळी समुद्र थांबला होता, आता सगळा हॉलच थांबला. डोक्यावरचा पंखा फिरत होता आणि त्याचा वारा कुणापर्यंत पोचत नव्हता. या पोरीला एक शब्द पुरला असता. एक 'नव्हे'. तो तिनं गिळला. कुणासाठी? जिच्याशी रक्ताचं नातं नाही, जी समोरच्या पॅनेलची, जी चार दिवस तिच्याविरुद्ध मासळी खाऊन आली, त्या म्हातारीसाठी.

"ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत," तहसीलदार म्हणाले.

विजयसिंहाचा हात. गुंडूचा. आणखी दोघा गड्यांचे. पाटलांच्या सुनेचा. इमामबीचा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथंच घोटाळला, बांगड्या किणकिणल्या. सगळे तानाबाईकडं बघायला लागले.

"काकी," विजयसिंह हळूच म्हणाला. "हात."

तानाबाई उठली. गुडघे खरोखरच दुखले त्या वेळी.

"साहेब, तो कागद माझा हाय."

कुणाला कळलंच नाही. तहसीलदारांनी चष्मा वर केला. "काय म्हणालात?"

"कागद माझा. दुखणं माझं. डॉक्टरीणबाईनं सूर्य काढलाय, चंद्र काढलाय, बघा त्यावर. मला वाचता येत न्हाई म्हणून काढलाय. सरपंच शिकलेली बाई, तिला कशाला लागतोय सूर्य-चंद्र? सकाळी अर्धी, झोपताना एक. आठ महिनं झालं. मी नाव घालू नगं म्हटलं, तर ह्या पोरीनं आपलं घातलं. मला आज सकाळी कळलं. समुद्राच्या काठावर."

आता कळलं सगळ्यांना. आवाज झाला नाही. आवाज होण्याआधीची जी पोकळी असते, भांडं हातातून सुटल्यावर फरशीला लागेपर्यंतची, तेवढीच लांबत गेली. गुंडूचा वर गेलेला हात वरच राहिला होता, तो खाली घ्यायचं त्याला सुचेना. वर्षाराणी तोंडावर पदर धरून बसली. दारात ज्ञानूची पाठ चौकटीपासून सुटली.

"आत्ती, कशाला..." वर्षाराणीच्या तोंडून कसंबसं निघालं.

विजयसिंह सगळ्यात आधी सावरला. "साहेब, हे काय मनावर घिऊ नगासा. काकी माझी घरचीच हाय. वयानं, दुखण्यानं... डोकं ठिकाणावर न्हाई तिचं. स्वतःच कबूल केलंय की आता तिनं. काकी, तुमी हात वर करा आन बसा खाली."

तेव्हा तानाबाईला हसू आलं. एवढ्या धक्क्याच्या मधोमध, कुठून आलं कुणास ठाऊक.

"इजू, माझं डोकं ठिकाणावर न्हाई?"

"तसं न्हाई काकी, पण..."

"ठिकाणावर न्हाई तर माझा हात कशाला पायजे तुला? येडीचा हात मोजत्यात व्हय? मग चार दिस मला समुद्राला न्हिऊन बांगडा कशाला खायला घातलास?" ती तहसीलदारांकडं वळली. "साहेब, दोनातलं एक लिवा. मी येडी असंल तर माझा हात धरू नगासा. आन धरायचा असंल तर आधी लिवा, की गोळी खाणाऱ्या बाईचं डोकं जाग्यावर हाय. मग हिच्यावरचा ठराव कशापायी?"

खिडकीत कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणी त्याला गप केलं.

तहसीलदारांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "आजी," ते म्हणाले, "कोण वेडं, कोण शहाणं, ते या टेबलावर ठरत नाही. ते कोर्टाचं काम, माझं नव्हे आणि मोबाईलचंही नव्हे. तुम्ही मेंबर आहात, तुमचा हात मोजला जाणार. तो वर आहे का खाली, एवढंच मला लिहायचंय."

"खाली हाय."

"माझाबी," इमामबी म्हणाली, आणि खांद्याशी घोटाळलेला हात तिनं मांडीवर आपटला.

तहसीलदारांनी मोजलं. पाच. ठराव फेटाळला, असं त्यांनी ग्रामसेवकाला लिहायला सांगितलं. मग विजयसिंहाला मोबाईल समोर आणायला लावून तो फोटो पुसायला लावला. "दुसऱ्याचं दुखणं असं मिरवायला कायदा परवानगी देत नाही, उपसरपंच," ते म्हणाले. विजयसिंहाचा अंगठा दोनदा चुकीच्या जागी पडला. त्यानं तानाबाईकडं बघितलं नाही.

*

वर्षाराणी हॉलमध्येच तिच्या गळ्यात पडली.

"गाढवे," तानाबाई म्हणाली, "तुझं नाव घातलंस व्हय?"

"मग कुणाचं घालणार, आत्ती? दुसऱ्याचं घालायचं तर त्याला विचारावं लागतंय."

बाहेर आल्यावर गर्दी दुभंगली. तिला वाट मिळाली, जरा जास्तच रुंद. काल-परवापर्यंत पाया पडणाऱ्या बायका खांबाआड सरल्या. काही डोळे तिच्याकडं असे बघत होते, जणू ती आता काहीतरी करून दाखवील. ती पायरीवर बसली. आपण काय करून बसलो ते आत्ता कुठं तिच्यापर्यंत पोचत होतं. रविवारी वडगावची माणसं येणार नव्हती. उद्यापासून ज्ञानूला डेअरीत जायचं कारण नव्हतं.

ज्ञानू चपलांच्या ढिगात काहीतरी शोधत होता. लई वेळ शोधत होता. मग त्यानं तिच्या चपला आणल्या, पायरीखाली सरळ मांडल्या, आणि तिच्या शेजारी बसला.

"दोऱ्यानं गुण आला म्हणून मी कोंबडं कापलं, आये."

"व्हय. मीबी रस्सा खाल्ला की."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तू घाबरला असतास."

"आन आता न्हाई व्हय घाबरलो?" त्याचा आवाज फुटला. "इहिरीवर बसलीतीस म्हणं. आत्ता सांगितलं सरपंचानी. मी त्या दिवशी रानात पाणी पाजत हुतो, आये. पाणी पाजत हुतो मी."

तानाबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघं बसून राहिले. ज्ञानू मग सायकल आणायला गेला.

गर्दी पांगली. गुंडू मेंबर इकडून तिकडं दोन फेऱ्या मारून गेला. तिसऱ्या फेरीला तो पायरीपाशी थांबला, तिच्याकडं न बघता, बिडी शोधल्यासारखे खिसे चाचपत.

"काकी."

"काय रं?"

"ती डॉक्टरीण... कुठल्या वारी बसती?"

तानाबाईनं वर बघितलं. गाडीत चार दिवस सगळ्यांना हसवत आलेला हा माणूस. त्याच्या डोळ्यांखाली काळं साचलेलं तिला पहिल्यांदा दिसलं. सहलीत पहाटेला तो एकटाच समुद्राकडं तोंड करून बसलेला असायचा, ते तिनं बघितलं होतं. बघून काही वाटलं नव्हतं.

"कुणासाठी?" तिनं विचारलं.

"आसंच. एक जण हाय." तो म्हणाला, "त्याला झोप येत न्हाई. दोन वरसं झाली. काकी, नंबर तुमच्या नावानं लावला तर चालंल का? तुमचं आता सगळ्यांना कळलंयच, म्हणून म्हटलं."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिनं पायरीवर हातानं जागा झाडली आणि त्याला बसायची खूण केली. तो इकडंतिकडं बघून बसला.

"गुरुवारी बसती," तानाबाई म्हणाली. "सकाळच्या एस.टी.नं जाऊ, मी येते संगं. पण नाव तुझं लाव, लेकरा."